आधी अडुसष्ट गावे, मग महाराष्ट्र

बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद तालुका वसलेला आहे. या तालुक्यातील भेंडवळ गावी दरवर्षी अक्षय्य तृतीयेला घटमांडणी होते. शेतात मधोमध खड्डा करून त्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची प्रतीके म्हणून मातीची चार ढेकळे ठेवतात, त्यांवर पाण्याने भरलेली घागर ठेवली जाते आणि भोवती वर्तुळाकार अठरा प्रकारची धान्ये मांडली जातात. दुसऱ्या दिवशी पहाटे त्या मांडणीत झालेले बदल न्याहाळून वर्षभराच्या पाऊसपाण्याचे आणि पिकांचे भाकीत सांगितले जाते. ते ऐकण्यासाठी वऱ्हाड-खानदेशातून शेतकरी जमतात. या भाकितांना शास्त्रीय आधार नाही, हे विज्ञानवादी मंडळी वेळोवेळी सांगत आली आहेत आणि ते बरोबरच आहे.

तथापि त्या गर्दीतील शेतकऱ्याचे पुढचे वागणे अधिक बोधप्रद असते. भाकीत ऐकून तो घरी परततो. पण घरातले बियाणे भाकिताच्या हवाली करीत नाही. जूनमध्ये जमीन पुरती भिजेपर्यंत थांबतो. कपाशी उगवली नाही तेथे नांग्या भरतो. पावसाने मोठी उघडीप दिली तर दुबार पेरणीचा कटू निर्णय घेतो, आणि वेळ टळून गेलेली असेल तर पीकच बदलतो. डवरणी केव्हा, फवारणी केव्हा, हे तो शेतात उभा राहून ठरवितो. वर्षाचा अंदाज तो एका पहाटे ऐकतो. निर्णय मात्र दर आठवड्याला घेतो.

सरकारी कचेऱ्यांतील संगणक-प्रकल्पांकडे पाहिले की याच्या अगदी उलट रीत दिसते. तेथे दोन-तीन वर्षांचा आराखडा एकदाच मांडला जातो, त्यावर सह्या होतात, निविदा निघते, आणि मग उद्घाटनाचा दिवस उजाडेपर्यंत शेतात कोणी फिरकतच नाही. पीक उगवले की नाही, हे एकदम कापणीच्या दिवशी कळते.

धबधबा आणि चपळाई

या दुसऱ्या रीतीला संगणकशास्त्रात 'धबधबा पद्धत' म्हणतात. १९७० साली विन्स्टन रॉयस या अमेरिकन अभियंत्याने मोठ्या संगणकप्रणालींच्या बांधणीवर एक निबंध लिहिला. गरजा नोंदविणे, विश्लेषण, आराखडा, प्रत्यक्ष लेखन, चाचणी आणि वापर अशा एकीखाली एक उतरत जाणाऱ्या पायऱ्यांची आकृती त्यात होती. पाणी जसे वर चढत नाही, तसे या पद्धतीत एकदा ओलांडलेल्या पायरीवर परत जाता येत नाही, असा अर्थ पुढच्यांनी घेतला. वास्तविक रॉयस यांनी त्याच निबंधात ही रीत जशीच्या तशी वापरणे धोक्याचे असल्याचा इशारा दिला होता. चाचणी अखेरीस येत असल्यामुळे तेथे मूळचा दोष उघडा पडला, तर सारे काम पुन्हा आरंभापासून करावे लागते, हे त्यांनी ओळखले होते. जगाने आकृती तेवढी उचलली. इशारा निबंधातच राहिला.

त्यानंतरच्या तीन दशकांत या पद्धतीचे तोटे अनुभवाने पटत गेले. १९८६ मध्ये हिरोताका ताकेउची आणि इकुजिरो नोनाका या दोन जपानी अभ्यासकांनी नवी उत्पादने झपाट्याने घडविणाऱ्या कंपन्यांचा अभ्यास मांडताना रग्बीच्या खेळाची उपमा वापरली. या कंपन्यांत काम एका खात्याकडून दुसऱ्या खात्याकडे फेकले जात नव्हते. सारा संघ एकत्रितपणे चेंडू पुढे नेत होता. १९९५ मध्ये जेफ सदरलँड आणि केन श्वेबर यांनी याच धाग्यावरून 'स्क्रम' ही कार्यपद्धती संगणकक्षेत्रापुढे मांडली. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतील यूटा राज्यात सतरा संगणकतज्ज्ञ एकत्र जमले आणि त्यांनी चार मूल्यांचा व बारा तत्त्वांचा एक छोटासा जाहीरनामा काढला. त्यातून 'अजाइल', म्हणजे चपळ पद्धती, हे नाव रूढ झाले.

तिचे सार साधे आहे. मोठे काम लहान तुकड्यांत विभागावे. सर्वांत गरजेचा तुकडा आधी घ्यावा. दोन ते चार आठवड्यांत तो पुरा करून, ज्याला तो वापरायचा आहे त्याच्या हाती द्यावा. त्याची अडचण ऐकावी आणि मगच पुढचा तुकडा ठरवावा. दर टप्प्याच्या शेवटी काय चुकले याचा मागोवा सर्वांनी मिळून घ्यावा. शाळेतील शिक्षकाला हे नवे वाटण्याचे कारण नाही. मुलांना काय समजले हे पाहण्यासाठी तो वार्षिक परीक्षेची वाट पाहत नाही. घटक चाचणी घेतो, आणि अर्ध्या वर्गाचे गणित चुकले तर तो धडा पुन्हा शिकवितो.

दोन कर्जमाफ्यांचा धडा

या तत्त्वांची किंमत महाराष्ट्राने स्वतःच्या अनुभवातून मोजली आहे. जून २०१७ मध्ये राज्य शासनाने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना जाहीर केली. ८९ लाख शेतकरी आणि ३४ हजार २२ कोटी रुपये, असे तिचे आकारमान सांगितले गेले. अर्ज संगणकावरून भरायचे होते. कुटुंब हा घटक धरलेला असल्यामुळे पतीचे खाते, पत्नीचे खाते आणि बँकांकडील नोंदी यांची सांगड घालणे अपरिहार्य होते. दिवाळीच्या तोंडावर, १८ ऑक्टोबर २०१७ रोजी, शेतकऱ्यांना समारंभपूर्वक प्रमाणपत्रे देण्यात आली. खरी अडचण त्यानंतर उभी राहिली. शेतकऱ्यांनी भरलेली माहिती आणि बँकांनी पाठविलेली माहिती यांचा मेळ बसेना. एकाच आधार क्रमांकाखाली अनेक खाती दिसू लागली. याद्या अडल्या, दुरुस्त्या सुरू झाल्या, आणि हाती प्रमाणपत्र असलेला शेतकरी बँकेच्या दारात ताटकळत राहिला.

या घोळात कोणा एका अधिकाऱ्याची वा एका यंत्रणेची चूक शोधत बसणे सोपे आहे. त्या वेळी ते पुष्कळ झाले. परंतु दोष मुख्यतः क्रमात होता. निकष ठरले, अर्ज भरून घेतले गेले, समारंभाची तारीख निश्चित झाली, आणि माहितीचे दोन प्रवाह प्रत्यक्षात जुळतात की नाही ही परीक्षा सर्वांत शेवटी, तीही एकदम साऱ्या राज्यावर, घेतली गेली. धबधब्याच्या तळाशी खडक आहे हे पाणी कोसळल्यावर समजले.

डिसेंबर २०१९ मध्ये दुसऱ्या शासनाने महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना जाहीर केली. १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ या काळात घेतलेल्या आणि ३० सप्टेंबर २०१९ रोजी थकीत असलेल्या दोन लाख रुपयांपर्यंतच्या पीककर्जाला ती लागू होती. या वेळी शेतकऱ्याकडून अर्ज मागविले नाहीत. बँकांनीच थकीत खात्यांची माहिती संगणकावर चढविली. कुटुंबाऐवजी व्यक्ती हा घटक धरल्यामुळे सांगड घालण्याचे एक जटिल काम मुळातच वगळले गेले. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, २४ फेब्रुवारी २०२० रोजी जी पहिली यादी लागली तिच्यात साऱ्या राज्यातील फक्त ६८ गावांतील १५ हजार ३५८ खाती होती. शेतकऱ्याने आपले सरकार केंद्रात जाऊन आधार पटवायचा, समोर दिसणारी रक्कम मान्य आहे की नाही हे सांगायचे, आणि मान्य नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे दाद मागायची, अशी व्यवस्था होती. लाखो नावांची दुसरी यादी त्यानंतर लागली.

दोन्ही योजनांचे संगणकीय काम याच राज्यात, याच बँकांच्या माहितीवर झाले. फरक पडला तो क्रमामुळे: आधी गरज साधी करणे, मग थोड्या गावांत करून पाहणे, आणि ज्याचे कर्ज त्यालाच आकडा दाखवून विचारणे. चपळ पद्धतीचे पुस्तक ज्यांनी कधी उघडले नसेल, अशा अनेकांनी तिचा गाभा येथे अमलात आणला, असे म्हणता येईल. तथापि या प्रयोगाचीही एक उणीव नोंदविली पाहिजे. पहिली यादी आणि दुसरी यादी यांत अंतर होते ते जेमतेम काही दिवसांचे. फेब्रुवारी संपता संपता दुसरी यादी आलीही. ६८ गावांनी जे सांगितले ते ऐकून घेऊन त्यानुसार प्रणाली सुधारण्यास एवढा अवधी पुरेसा असतो काय? चाचणी घेणे ही अर्धीच गोष्ट झाली. उत्तरपत्रिका तपासण्यास वेळ ठेवणे ही उरलेली अर्धी. पुढे मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि आधार पटविण्याचे कामच खोळंबले, हा भाग निराळा.

माहिती पेटीत बंद असते

संगणकप्रणाली लिहिणे आणि माहितीच्या साठ्यातून उपयुक्त निष्कर्ष काढणे, या दोन कामांत एक मोठा भेद आहे. प्रणाली काय करणार हे निदान सांगता तरी येते. माहितीचा साठा मात्र कुलूपबंद पेटीसारखा असतो. आत काय निघेल हे उघडल्याखेरीज कळत नाही. म्हणूनच १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात युरोपीय संघाच्या साहाय्याने काही कंपन्यांनी माहिती-विश्लेषणाच्या प्रकल्पांसाठी जी सहा पायऱ्यांची रीत बसविली, तिच्यात पहिल्या दोन पायऱ्यांमध्ये उघड उघड ये-जा ठेवली आहे. प्रश्न समजून घ्यावा, माहिती पाहावी, माहिती पाहिल्यावर प्रश्न पुन्हा तपासावा, असा तिचा ओघ आहे.

या ये-जा करण्यात ज्याचा शब्द मोलाचा, तो माणूस सहसा बैठकीला नसतो. तो असतो तालुक्याच्या कचेरीतील लिपिक. एकाच शेतकऱ्याचे नाव सातबाऱ्यावर एका रीतीने, बँकेच्या खात्यावर दुसऱ्या रीतीने आणि आधारपत्रावर तिसऱ्या रीतीने का लिहिलेले आहे, हे त्याला ठाऊक असते. वडील वारल्यावर वारसाची नोंद कोठे अडली, एका गटाचे तीन भाऊ प्रत्यक्षात तीन तुकडे कसतात पण कागदावर वाटणी झालेली नाही, अशा शेकडो गोष्टी त्याच्या डोक्यात असतात. त्या कोणत्याही निविदेच्या जोडपत्रात लिहिलेल्या नसतात. संगणकतज्ज्ञ पुण्या-मुंबईत बसून 'नाव' नावाचा रकाना आखतो आणि नाव म्हणजे एकच शब्दरचना असणार असे गृहीत धरतो. लिपिकाशी दोन दिवस बोलला असता, तर हे गृहीतक पहिल्याच आठवड्यात मोडले असते. चपळ पद्धती कागदी सोपस्कारांहून माणसामाणसांतील संवादाला वरचे स्थान देते, त्याचा येथील अर्थ इतका साधा आहे.

याचे एक देशी उदाहरणही हाताशी आहे. संगणकीकृत सातबारा हस्तलिखित उताऱ्याशी जुळतो की नाही हे पाहण्यासाठी २०१७ च्या उन्हाळ्यात राज्यात चावडी वाचनाची मोहीम झाली. गावकऱ्यांसमोर उतारे वाचून दाखवायचे आणि हरकती घ्यायच्या, ही जुनी महसुली रीत संगणकाच्या युगात पुन्हा उपयोगी पडली. त्यानंतर १ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीच्या सातबाऱ्याचा आरंभ झाला. आधी वाचन, मग स्वाक्षरी, हा क्रम योग्य होता. चावडी ही या देशातील पहिली चाचणी-प्रयोगशाळा होय, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

ई-पीक पाहणीचा प्रवासही याच वाटेने झाला. काही निवडक तालुक्यांत करून पाहिल्यावर १५ ऑगस्ट २०२१ पासून ती राज्यभर लागू झाली. शेतकऱ्याने स्वतःच्या मोबाईलवरून पिकाचे छायाचित्र काढून नोंद करावी, ही कल्पना. नेटवर्क आणि सर्व्हर यांच्या तक्रारी झाल्या, नोंद चुकल्यास पुढे काय, असे प्रश्न आले. २०२२ च्या खरिपात आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत शेतकऱ्याला ४८ तासांच्या आत नोंद एकवार दुरुस्त करण्याची सोय दिली गेली, आणि शेतकऱ्याची नोंद ग्राह्य धरून त्यांतील १० टक्के नोंदींची तलाठ्याने पडताळणी करावी असे ठरले. चूक होणारच, हे मान्य करून दुरुस्तीला दार ठेवणारी ही सुधारणा होती.

प्रयोग आणि हक्क

या पद्धतीवर गंभीर आक्षेपही आहेत, आणि ते टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. पहिला आक्षेप असा की, खाजगी कंपनीचे ग्राहक चुकीची प्रणाली सोडून दुसरीकडे जाऊ शकतात. शेतकऱ्याला दुसरे सरकार नसते. त्याच्यावर प्रयोग करण्याचा अधिकार कोणी दिला? हा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर एका भेदात सापडते. प्रणाली कच्ची असू शकते. हक्क कच्चा असता कामा नये. एखादी नोंद संगणक स्वीकारत नसेल, तर तोवर जुना कागदी मार्ग खुला राहिला पाहिजे. यादीत नाव नसणे हा पुरावा मानला जाऊ नये. तो तपासाचा आरंभ मानला जावा. जेथे ही हमी नाही तेथे चपळाईच्या नावाखाली केवळ घाई होते आणि तिचा भार सर्वांत दुबळ्या खांद्यांवर पडतो.

दुसरा आक्षेप नियमांचा. निविदेत ठरलेल्या कामाहून वेगळे काम झाले की लेखापरीक्षक विचारणा करतो. त्यामुळे अधिकारी चूक दिसत असूनही मूळ आराखड्याला चिकटून राहतो. चुकीचे पण मंजूर काम त्याला बरोबर पण नामंजूर कामापेक्षा सुरक्षित वाटते. यावर उपाय नियम मोडण्यात नाही, करार वेगळ्या रीतीने लिहिण्यात आहे. शेकडो पानांच्या गरजांच्या यादीऐवजी टप्प्याटप्प्याने मोबदला ठरवावा, आणि तो मोबदला अहवालावर न देता प्रत्यक्ष कचेरीत चालणाऱ्या भागावर द्यावा. असे केल्यास लेखापरीक्षकालाही तपासण्यास काही ठोस हाती येईल.

तिसरा धोका पद्धतीच्या आतलाच आहे. कोणत्याही सुधारणेचे कर्मकांड होण्यास वेळ लागत नाही. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या लावायच्या, रोज सकाळी पंधरा मिनिटे उभे राहून बैठक घ्यायची, आणि कामाला 'अजाइल' म्हणायचे, एवढ्यावर अनेक ठिकाणी समाधान मानले जाते. उभ्याने घ्यायची बैठक वरिष्ठाच्या हातातील चाबूक बनते. कागद कमी करण्याच्या नावाखाली कागदच राहत नाही, आणि काम जाणणारा माणूस बदलून गेला की प्रणाली अनाथ होते. शासनाला तर न्यायालयात आणि माहितीच्या अधिकाराखाली उत्तर द्यावे लागते. २००१ च्या जाहीरनाम्यानेही कागदपत्रांना आणि नियोजनाला महत्त्व नाकारलेले नाही. चालणाऱ्या कामाला त्यांहून वरचे स्थान दिले आहे, इतकेच.

पहिले गाव कोणते?

शेवटचा प्रश्न सर्वांत कळीचा आहे. प्रयोगासाठी पहिले गाव कोणते निवडावे? प्रशासनाचा कल स्वाभाविकच सोयीच्या गावाकडे असतो. सडकेवरचे, नेटवर्क असलेले, उत्साही सरपंच असलेले गाव घेतले की प्रयोग यशस्वी होतो, छायाचित्रे निघतात, आणि मग तीच प्रणाली सातपुड्याच्या कुशीतील आदिवासी वस्तीवर जाऊन आपटते. जी चाचणी नापास होण्याची शक्यताच नाही, ती चाचणी कसली? प्रणालीची खरी परीक्षा जळगाव जामोद तालुक्याच्या उत्तरेकडील डोंगरपायथ्याच्या वस्त्यांत आहे, जेथे मोबाईलला नेटवर्कसाठी टेकडी चढावी लागते. दक्षिणेकडील पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यात आहे, जेथील शेती आणि पाणी दोन्ही निराळ्या अडचणींची आहेत. जुलै २०२३ मध्ये या तालुक्यात आणि शेजारच्या संग्रामपुरात अतिवृष्टीने शेतजमिनी खरडून नेल्या. पिकाची नोंद होण्याआधीच शेतातले पीक मातीसकट वाहून गेले, तर छायाचित्र कशाचे काढायचे? असा प्रश्न मुंबईच्या बैठकीत सुचत नाही. तो बांधावर उभे राहिल्यावरच सुचतो.

म्हणून यापुढच्या प्रत्येक माहिती-प्रकल्पात तीन अटी असाव्यात. प्रयोगाच्या पहिल्या गावांत किमान एक गाव सर्वांत अवघड असावे. पहिल्या आणि दुसऱ्या टप्प्यात तक्रारी वाचण्याइतका व दुरुस्ती करण्याइतका अवधी असावा. उद्घाटनाची तारीख त्यानंतर ठरावी. आणि रकाने आखण्याच्या पहिल्या बैठकीला गावच्या तलाठ्याला, आता ज्याला ग्राम महसूल अधिकारी म्हणतात त्याला, तसेच बँकेच्या शाखेतील लिपिकाला आणि निदान एका खातेदाराला खुर्ची मिळावी. यांपैकी कशालाही नवी यंत्रसामग्री लागत नाही.

भेंडवळच्या घटाभोवती जमणाऱ्या शेतकऱ्याला शिकलेले लोक भाबडा समजतात. परंतु भाकीत ऐकूनही जो जून महिन्यात आपल्या बोटाने मातीची ओल तपासल्याशिवाय बी टाकत नाही, तो भाबडा नव्हे. मातीत बोट न घालता साऱ्या महाराष्ट्रावर एका दिवशी पेरणी करणारे मात्र आजही कचेऱ्यांत आहेत, आणि त्यांच्या दुबार पेरणीचा खर्च त्या शेतकऱ्यालाच सोसावा लागतो.